दिष्ट कुणाची, दोरा कुणाला?



कॅस्पियन समुद्राच्या काठी अझरबैजान नावाचा देश आहे. तिथल्या आयाबायांनी गुटगुटीत बाळ पाहिले, कुणाचे नवे घर पाहिले, की त्या चटकन म्हणतात, "गोज देयमेसिन." गोज म्हणजे डोळा. डोळा लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. कुणी बाळाच्या अंगड्याला डोळ्याच्या आकाराचा मणी लावते, कुणी हरमलच्या बिया निखाऱ्यावर टाकून घरभर धूर करते.

आता आपल्या मालवण किनाऱ्यावर, आचऱ्याला या. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. मुंबईची सून पहिल्यांदाच बाळ घेऊन वाडीत येते. दिवसभर शेजारपाजारच्या बायका बाळाला मांडीवर घेतात, गालगुच्चे घेतात. रात्री बाळ किरकिर करू लागले की आजी म्हणते, "पोराक दिष्ट लागली गो!" मग मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून बाळावरून तीनदा उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. मिरचीचा ठसका आला नाही, तर दिष्ट फार मोठी होती असे समजायचे. हजारो कोसांवरच्या त्या बाईची भाषा वेगळी, धर्म वेगळा. काळजी मात्र तीच.

(आचरा म्हटले की बाहेरच्या लोकांना गावपळण आठवते. रामेश्वराचा कौल घेऊन दर तीन-चार वर्षांनी तीन दिवस-तीन रात्री सारा गाव वेशीबाहेर राहायला जातो. तो विषय मोठा आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज घरातल्या चुलीपुरतेच बोलू.)

मिरचीचे कोडे तसे साधे आहे. भडकलेल्या जाळात मिरची पटकन जळून जाते, त्यामुळे ठसका कमी येतो. मंद निखाऱ्यावर ती धुमसत राहते आणि घरभर खोकला उठतो. खड्याच्या मिठात पाण्याचा अंश अडकलेला असतो, तो तापला की मीठ तडतडते. यात डोळ्याचा कुठे संबंध येतो?

पण म्हणून आजीवर ओरडू नये. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. धम्म सांगत असताना भगवंतांना शिंक आली. भिक्खूंनी "जगा, भगवंत, जगा!" असा मोठा गलका केला आणि त्यात देशना थांबली. बुद्धांनी विचारले, शिंकणाऱ्याला 'जग' म्हटल्याने तो जगतो किंवा मरतो काय? भिक्खू म्हणाले, नाही. तेव्हा असे म्हणू नये, असा नियम झाला. पुढे असे होऊ लागले की भिक्खू शिंकला तर गृहस्थ 'जगा' म्हणत आणि भिक्खू गप्प बसत. लोकांना ते उद्धटपणाचे वाटले. तेव्हा बुद्धांनी गृहस्थांना उलट 'चिरकाल जगा' म्हणण्याची मोकळीक दिली. मला हा प्रसंग फार आवडतो. शब्दाने काही घडत नाही हे आधी स्पष्ट सांगितले, आणि मग शब्दामागची माया तेवढी राहू दिली. 'दिष्ट नको लागूक' असे कुणी म्हटले तर म्हणू द्यावे. हसून उत्तरही द्यावे.

हरकत आहे ती पुढच्या गोष्टींना. पहिली म्हणजे वाया जाणारा वेळ. बाळाला जुलाब होत असतील आणि घर दिष्ट काढण्यात गुंतले असेल, तर तेवढ्यात बाळाच्या अंगातले पाणी जाते. डोळे खोल गेले, टाळू आत ओढली, रडताना पाणी येईना, लघवी कमी झाली, ही खरी लक्षणे आहेत. आरोग्य केंद्रातून जलसंजीवनीची पाकिटे आणून घरात ठेवावीत. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, आणि ते थोडे थोडे पाजत दवाखाना गाठावा. अंगावरचे दूध बंद करू नये. चुलीत जाणारे मीठ या कामी येते, मिरच्या मात्र डब्यातच राहू द्या! बाळाला ताप-खोकला असेल तर ते शांत असताना घड्याळ लावून मिनिटाचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतले बाळ साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतचे पन्नास किंवा जास्त, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंतचे चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. आणि डोळ्यात काजळ घालूच नये. बोटाने डोळ्याला जंतू लागतात, आणि बाजारच्या काही सुरम्या-काजळात शिसे सापडले आहे.

दुसरी गोष्ट काळ्या दोऱ्याची. बाळाच्या मनगटात, गळ्यात आपण हौसेने काळा दोरा बांधतो. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धांची मूर्ती, आणि फोटोखाली खेळणाऱ्या लेकराच्या हातात दोरा! बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केले. त्यात पेशवाईतील अस्पृश्यांची स्थिती सांगितली आहे. समोरून सवर्ण येत असेल तर सावली पडून विटाळ होईल म्हणून अस्पृश्याला रस्त्यावर यायची बंदी होती. आणि चुकून कुणी शिवू नये, ओळख पटावी, म्हणून त्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकतो. त्याच परिच्छेदातला हा दोरा मात्र आपण विसरतो. बाळाच्या हातातला दोरा त्यासाठी नसतो हे मला माहीत आहे. तरीही एकदा हे वाचल्यावर माझ्या हाताला ती गाठ मारवत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड आहे. दिष्ट लागली म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुणाची? मग बोट जाते ते मूल न झालेल्या जावेकडे, नवरा वारलेल्या नणंदेकडे, तिरळ्या डोळ्याच्या शेजारणीकडे. बारशाला तिला बोलावतात, पण पाळण्याजवळ ती आली की बाळाच्या तोंडावर पदर ओढतात. कुणी काही बोलत नाही. तिला ते कळते. पुढच्या वेळी ती आपणहून दारातच बसते.

बाबासाहेबांनी आपल्या लेखनात तिरुनेलवेली जिल्ह्यातील पुरद वण्णान या लोकांची नोंद केली आहे. १९३२ सालच्या वर्तमानपत्रातील ती बातमी होती. हे लोक अस्पृश्यांचे कपडे धुणारे. ते नुसते नजरेस पडले तरी विटाळ होतो म्हणून त्यांना दिवसा बाहेर पडायची मनाई होती, कामे रात्री करावी लागत. आपल्या वाडवडिलांची सावली चालत नव्हती, त्यांचे तर दिसणेही चालत नव्हते. त्याच वाडवडिलांची लेकरे आपण, आणि आपल्याच घरातल्या बाईची नजर आपल्याला चालत नाही.

आपल्या मालवणीत दिष्ट, पालीत दिट्ठी. दोन्ही एकाच घरातले शब्द. अष्टांग मार्ग सुरू होतो तो सम्मा दिट्ठीपासून. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तिचा अर्थ सांगताना कर्मकांडाच्या सामर्थ्यावरचा विश्वास आणि ज्याला अनुभवाचा आधार नाही अशा कल्पना सोडायला सांगितले आहे. आपण विहारात दर पौर्णिमेला महामंगल सुत्त म्हणतो. त्यात आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, नातलगांना आधार हे मंगल म्हणून सांगितले आहे. दोरा, मिरची, तीट त्यात शोधूनही सापडत नाही.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर त्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. घरी कुणी मीठ-मोहरी उतरवली म्हणून हा कायदा पोलीस पाठवत नाही. पण अमक्या माणसामुळे रोगराई येते, अपशकुन होतो, असा ठपका ठेवून त्याचे जगणे कठीण करणे हा मात्र या कायद्याने गुन्हा आहे. वाडीतल्या एखाद्या बाईवर असे बालंट आले, तर महिला मंडळाने तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. एकटीला पाठवू नये.

आता सुटीत अनेक घरी नामकरणे होतील. त्रिशरण-पंचशील झाल्यावर बाळ आधी कुणाच्या मांडीवर द्यायचे, हे घरातल्या बायकांनी आदल्या रात्रीच ठरवावे. आणि दारात बसलेल्या त्या काकीला हाक मारून पाळण्याजवळ आणण्याचे काम आजीकडे द्यावे. आजीचा शब्द वाडीत कुणी मोडत नाही.