पाने रोज गळतात, कामगार मात्र कंत्राटी!

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत 'गाभ्याचे काम' कशाला म्हणावे याची एक व्याख्या आहे आणि कशाला म्हणू नये याची एक लांबलचक यादी आहे. झाडलोट, कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, बागकाम, हिरवळीची निगा, इमारतींची देखभाल ही सारी कामे त्या यादीत आहेत. ज्या संस्थेची स्थापनाच मुळी या कामांसाठी झालेली नाही, त्या संस्थेत ही कामे गाभ्याबाहेरची समजावीत आणि ती ठेकेदाराकरवी खुशाल करवून घ्यावीत, असा तिचा अर्थ. देशातील विद्यापीठांना हे वाचून हायसे वाटले असेल. गेली पंचवीस-तीस वर्षे जे काम काहीशा संकोचाने चालले होते, त्याच्यावर आता कायद्याची मोहोर उठली आहे.

ज्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा या संहितेने घेतली, त्या कायद्याचे नावच 'नियमन आणि निर्मूलन' असे होते. ठेकेदारी ही एक व्याधी आहे, ती हळूहळू नाहीशी करायची आहे, ही कबुली त्या नावात होती. त्याच्या दहाव्या कलमाने सरकारला काही प्रश्न विचारायला लावले होते. काम बारमाही आहे काय? ते संस्थेच्या व्यवहाराला आवश्यक आहे काय? तशाच अन्य संस्थांत ते कायम कामगार करतात काय? पूर्ण वेळ कामगार नेमावेत इतके ते आहे काय? या कसोट्यांवर विद्यापीठाचे आवार घासून पाहावे. झाडाची पाने निविदेची मुदत पाहून गळत नाहीत. शौचालये सुट्टीच्या दिवशी आपोआप स्वच्छ होत नाहीत. चारही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे येते. आणि म्हणूनच बहुधा नव्या संहितेने कसोट्यांची भानगडच ठेवली नाही. प्रश्न अडचणीचे ठरतात, तेव्हा यादी करून मोकळे व्हावे, हा सत्ताधाऱ्यांचा जुनाच शिरस्ता आहे.

न्यायालयांची वाटही या काळात सरळ राहिली नाही. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांत इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण यांसाठी कंत्राटी कामगार लावण्यास ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने मनाई केली होती. ठेकापद्धती बंद झाली की कामगार मूळ मालकाचा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात सांगितले. पाच वर्षांत, २००१ साली, स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हे मत फिरवले आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्दबातल ठरवली. ठेकेदार गेला तर कामगारही त्याच्या मागोमाग रस्त्यावर, असा त्याचा व्यवहारातील परिणाम झाला. सुदैवाने २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांच्या दाव्यात न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला, आणि 'तात्पुरता' या शिक्क्याचा दीर्घकाळ गैरवापर करणाऱ्या सरकारी संस्थांना खडसावले. परंतु ते कामगार आयोगाने स्वतः नेमलेले होते. ठेकेदाराच्या वहीत ज्याचे नाव आहे, त्याने दाद मागायची कोठे?

आवाराची देखभाल म्हणजे हिरवळीवर पाणी शिंपडणे, अशी अनेकांची समजूत असते. पुण्याच्या विद्यापीठाला १९४९ मध्ये गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा जुना निवास आणि त्याभोवतीची जमीन मिळाली. आज ते आवार सुमारे ४०० एकरांचे आहे. मुंबई विद्यापीठाचे कलिन्याचे आवार दोनशेहून अधिक एकरांचे आहे. इतका विस्तार म्हणजे एक लहानसे गावच, आणि त्याला गावाइतकीच कामे. मृगापूर्वी गच्च्यांवरील पन्हाळी आणि रस्त्याकडेची गटारे मोकळी करावी लागतात. ती राहिली तर जुलैत ग्रंथालयाच्या भिंतीला ओल येते आणि ओलीमागून वाळवी येते. भिंतीच्या सांध्यांत वडापिंपळाची रोपे फुटतात. ती कोवळी असताना मुळासकट काढली नाहीत तर दहा वर्षांनी दगडी कमान तडकते. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. त्याच्या फांद्या वादळापूर्वी उतरवाव्या लागतात, नाहीतर त्या एखाद्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर उतरतात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला वणवा लागू नये म्हणून पट्टे जाळून अथवा कापून ठेवावे लागतात. पाण्याच्या टाक्या धुणे, जमिनीखालच्या नळांची गळती शोधणे, वसतिगृहाची तुंबलेली मोरी मोकळी करणे ही कामे तर नित्याचीच.

या कामांना कौशल्य लागते आणि स्मरणही लागते. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या दगडाखाली आहे, कोणत्या इमारतीची मोरी कोठे वळते, कोणता वृक्ष आतून पोखरला आहे, हे नकाशात नसते; ते वीस वर्षे तेथे राबलेल्या माळ्याच्या आणि नळ-कारागिराच्या डोक्यात असते. निविदा बदलली की ही सारी विद्या फाटकाबाहेर जाते. नवा ठेकेदार नवी माणसे आणतो आणि ती पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करतात. ज्ञानाचे जतन करण्यासाठीच ज्या संस्थेचा जन्म, तिने आपल्याच जमिनीविषयीचे ज्ञान दरवर्षी उधळून द्यावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

'पण काटकसर?' असा प्रश्न वित्त अधिकारी विचारतील. तो हिशेबानेच तपासावा. समजा, एका सफाई कामगाराचे मासिक वेतन १५,००० रुपये ठरले. भविष्यनिर्वाह निधी आणि त्याचे आनुषंगिक आकार मिळून मालकाचा हिस्सा १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. राज्य विमा योजनेचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. बेरीज १७,४३७ रुपये ५० पैसे. बोनस आणि रजा बाजूला ठेवू. यावर ठेकेदाराचे कमिशन पाच टक्के धरले तर सुमारे ८७२ रुपये, आणि एकूण देयकावर वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे सुमारे ३,२९६ रुपये. विद्यापीठाने मोजलेली रक्कम २१,६०५ रुपये. कामगाराच्या हाती, त्याचा स्वतःचा हिस्सा कापून, १३,०८७ रुपये ५० पैसे. तेही ठेकेदार धर्मराज असेल तर. उच्च माध्यमिकपर्यंतच्या शाळांना सफाई आणि पहारा या सेवांवर करमाफी आहे, विद्यापीठांना ती नाही. आणि विद्यापीठाच्या शिक्षणावर कर नसल्याने हा भरलेला कर वळता करून घेण्याची सोयही नाही. म्हणजे दर कामगारामागे दरमहा ४,१६७ रुपये कमिशन आणि करापोटी गेले. तोच कामगार थेट नेमला, तर एक पैसाही अधिक न खर्चता त्याचे वेतन साडेतीन हजार रुपयांनी वाढवता येते. याला काटकसर म्हणणारे अर्थशास्त्र कोणत्या ग्रंथात शिकवतात?

बचत होते ती अन्यत्र. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्यात सर्वांत खालच्या पायरीवरील कर्मचाऱ्याचे मूळ वेतनच १५,००० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वार्षिक वाढ, रजा, निवृत्तीनंतरची तरतूद. ठेकेदारीत वाचते ते एवढेच. म्हणजे कामगाराचा महागाई भत्ता, त्याच्या मुलांचे शिक्षण आणि त्याचे म्हातारपण ही ती 'बचत' आहे. खर्च नाहीसा झाला नाही. तो विद्यापीठाच्या ताळेबंदातून निघून झोपडीतल्या चुलीवर जाऊन पडला. दुर्बलाच्या शिरावर खर्च ढकलून जो जमाखर्च जुळतो, त्याला कार्यक्षमता म्हणण्याची चाल अलीकडे पडली आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. कायम झालेला कामगार काम करीत नाही, असे सांगितले जाते. असे कामगार असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कामचुकारपणावर उपाय मुकादम, हजेरी, नियम आणि चौकशी हा आहे. उपासमारीची टांगती तलवार हा नव्हे. कायम नोकरीने माणूस आळशी होतो हा सिद्धांत खरा मानला, तर तो प्रथम प्राध्यापकांना आणि कुलसचिवांना लागू करावा लागेल. तिथे मात्र सेवेची शाश्वती ही विचारस्वातंत्र्याची अट असते! आणि हीच मंडळी तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या दैन्याविषयी ठराव करतात, तेव्हा एक गोष्ट विसरतात. शिक्षकाच्या पदावर जी कुऱ्हाड आज पडत आहे, तिची धार प्रथम माळ्याच्या आणि झाडूवालीच्या पदावर परजली गेली. त्या वेळी वर्गाची दारे बंद होती.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पदभरती करण्याचा निर्णय काढला, तेव्हा सुशिक्षित तरुण खवळून उठले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. ते योग्यच झाले. पण सफाई, पहारा आणि बागकाम यांची कंत्राटे त्यानंतरही चालूच राहिली. त्यांच्यासाठी कोणी खवळले नाही. पदवीधराची अप्रतिष्ठा होते तेव्हा तो अन्याय. झाडूवालीची होते तेव्हा ती व्यवस्था. या भेदाचे मूळ अर्थशास्त्रात सापडणार नाही, ते जातीच्या उतरंडीत शोधावे लागते. मळ काढणारे हात गाभ्याबाहेरचे, हा विचार २०२० च्या संहितेने नव्याने शोधलेला नाही. गावकुसाबाहेर वस्ती ठेवणाऱ्यांनी तो फार पूर्वीच शोधून ठेवला होता.

पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. फुलांच्या व्यवसायावरून ज्या कुळाचे आडनाव पडले, त्या कुळाचे हे नाव. त्या घरातील जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले ते हेच, की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून उभा राहतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या फाटकात उभे राहून हे निवेदन वाचावे. त्यातील एक अक्षरही शिळे वाटणार नाही. पुतळे आणि नामफलक धुण्यासाठीही कंत्राटी माणूसच येतो. 'नॅक'ची समिती येणार असली की भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू आणि झाडांना क्रमांक दिले जातात. हरित आवाराला गुण आहेत, पर्यावरणाच्या लेखापरीक्षणाला गुण आहेत. झाडांना पाणी घालणाऱ्याच्या वेतनाचा रकाना मात्र त्या तक्त्यात नाही. 'कमवा आणि शिका' या कर्मवीरांच्या मंत्राचाही असाच दुरुपयोग संभवतो. श्रम आणि विद्या यांची फारकत मोडावी म्हणून भाऊरावांनी तो दिला; कायम कामगाराची जागा स्वस्तात भरून काढण्यासाठी नव्हे.

मग मार्ग काय? तो महाराष्ट्रानेच दाखवला आहे. आज एक, उद्या दुसरा मालक असणाऱ्या हमालाला कायम कामगाराचे संरक्षण देता येणार नाही, असे व्यापारी सांगत असत. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापून ते देऊन दाखवले. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही तसाच कायदा झाला. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली, तिच्या उभारणीत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील अध्यापिकांचा वाटा होता. विद्यापीठ कचरा वेचणारीच्या शेजारी उभे राहू शकते, याचा तो पुरावा. परदेशातही दाखले आहेत. दक्षिण आफ्रिकेत २०१५ मध्ये विद्यार्थी आणि सफाई कामगार एकत्र लढले आणि केपटाऊन विद्यापीठाला ठेकेदार हटवून कामगारांना आपल्या सेवेत घेण्याचे मान्य करावे लागले. लंडनच्या 'सोआस' या संस्थेत सफाई कामगारांनी वर्षानुवर्षे झुंज दिली, आणि २०१७ साली संस्थेने तोच निर्णय केला. ही विद्यापीठे त्यामुळे बुडाली नाहीत.

नव्या संहितेने ठेकेदारीला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. तेव्हा 'आमचे हात बांधलेले आहेत' ही कुलगुरूंची सबब टिकणारी नाही. बारमाही कामांची पदे निश्चित करून ती विद्यापीठाच्या आस्थापनेवर आणावीत, सरकारने त्यांना मंजुरी व अनुदान द्यावे, आणि ते होईपर्यंत माथाडीच्या धर्तीवर आवार-कामगारांचे मंडळ स्थापून वेतन मंडळामार्फत द्यावे. ठेकेदार बदलला तरी कामगार बदलणार नाही, ही अट तर उद्याच्या निविदेतच घालता येईल. तिला मंत्रालयाची अनुमती लागत नाही. अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम सर्वांत आधी काढून ठेवावी आणि नव्या इमारतीची कोनशिला बसवण्यापूर्वी तिची गच्ची कोण झाडणार, हे ठरवावे.

हे सहजासहजी घडणार नाही. ठेकेदारीत अनेकांचे हितसंबंध गुंतलेले आहेत आणि असंघटित कामगाराला उद्या कामावर घेतले जाईल की नाही याची धास्ती आहे. म्हणून प्राध्यापकांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी आपापल्या मागण्यांच्या यादीत हा प्रश्न शेवटी नव्हे तर आरंभी घेतला पाहिजे. समतेवर परिसंवाद भरवणे सोपे आहे. परिसंवाद संपल्यावर सभागृह झाडणाऱ्या बाईला त्या समतेतील किती वाटा मिळाला, यावरच विद्यापीठाची परीक्षा व्हायची आहे. या परीक्षेत आज तरी आपली बहुतेक विद्यापीठे नापास आहेत.