तिकीट अर्धं, पण पायरी?

आमच्या बचत गटातली एक बाई अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गावाहून कोल्हापूरला आली. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायात बळ नाही, कुबडी घेऊन चालते. गावात बस येते, पण पहिल्या पायरीला तिचा पाय पोचत नाही. म्हणून ती वडापने आली. जीपवाल्याने तिला काखेत हात घालून उचललं आणि आत बसवलं. उतरताना पुन्हा तेच. सोबत भाऊ, म्हणजे भाडं दोघांचं आणि भावाचा रोजगारही बुडालेला. दुपारी माझ्यासमोर बसली तेव्हा ती दाखल्याविषयी फारसं बोललीच नाही. म्हणाली, "ताई, त्याचा हात कुठं कुठं लागला ते कुणाला सांगू? बोलले तर उद्या तो जीपमध्ये घ्यायचा न्हाई."

समाजकार्य शिकताना 'पुनर्वसन' हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. पण या बाईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते आपल्या चळवळीकडेही नाही.

बाईच्या शरीराला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही, हे आपण इतकी वर्षं सांगत आलो. मग अपंग बाईच्या बाबतीत त्याच हाताला आपण 'मदत' का म्हणतो? गाडी चढण्यासारखी असती, तर तिला कुणी उचलायची गरजच पडली नसती. पायरीची उंची हा इंजिनियरचा प्रश्न आहे असं म्हणून आपण तो सोडून दिला. पण त्या उंचीमुळे एक बाई रोज परक्या पुरुषाच्या हातात जाते. मग तो बायकांचा प्रश्न कसा नाही?

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. आपण त्याचं स्वागत केलं आणि ते योग्यच होतं. कितीतरी बायका त्यामुळे घराबाहेर पडल्या. अपंगांना तर एसटीत त्याहून मोठी सवलत आहे. पण सवलत तिकिटावर मिळते, आणि तिकीट गाडीत चढल्यावर. जिला चढताच येत नाही तिची सवलत कागदावरच राहते. वडापला निम्मं भाडं नसतं. म्हणजे जिच्याजवळ सगळ्यात कमी पैसा, तीच पूर्ण भाडं भरते, वर सोबत्याचंही भरते.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "अशा बायका प्रवास करतातच किती?" अहो, गाडीत चढता येत नाही म्हणून त्या दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून गाडी बदलायची नाही! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग नोंदले गेले, त्यांत बारा लाखांहून जास्त बायका. त्या सगळ्या आहेत कुठे? घरात.

आणि हा प्रश्न फक्त कुबडी दिसते तिचा नाही. संधिवात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. सकाळी बोटं वळत नाहीत, दांडा धरवत नाही, पण वरून बाई धडधाकट दिसते. राखीव जागेवर बसली तर लोक उठवतात. शिवाय कमी उंचीची पायरी पोटुशीला हवी असते, कडेवर पोर असलेलीला हवी असते, बाजाराचं ओझं घेऊन येणारीला आणि गुडघे गेलेल्या म्हातारीलाही हवी असते.

कायदा नाही असंही नाही. १९९५ च्या कायद्याने वाहनं अपंगांना वापरता येतील अशी करायला सांगितलं, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. पण जुनी वाहनं बदलण्याबाबत पुन्हा पळवाट ठेवलीच: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, परवडत असेल आणि रचनेत मोठे बदल करावे लागणार नसतील तर. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, आणि त्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातंही काढलं. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं. शब्द बदलायला खर्च येत नाही, पायरी बदलायला येतो.

रॅम्पचंच बघा. नियम साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट हवेत. पाच-सहा फुटांत घसरगुंडी बांधली की काम झालं असं मानतात, आणि तिच्या तोंडाशी मोटारसायकली लागतात.

हे कोल्हापुरात लिहावं लागतं याचं जास्त वाईट वाटतं. ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये याच शहरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' सुरू केली. स्वतः अपंग असलेल्या बाईने उभं केलेलं एवढं काम आपल्या दाराशी आहे. त्यातून आपण काय शिकलो? आपलं मागचं शिबिर दुसऱ्या मजल्यावर झालं. हॉल स्वस्तात मिळाला म्हणून मीच तो ठरवला होता. त्या शिबिराला ही बाई आली नव्हती. "हिला आवड नाही," असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

तेव्हा आधी आपल्यापासून. कार्यक्रम तळमजल्यावर. चाकाची खुर्ची आत जाईल असं संडासाचं दार. खर्चाच्या अंदाजात सोबतिणीचं भाडं. मग आपापल्या गावच्या स्थानकावर अपंग बायकांना घेऊन टेप लावून पायऱ्या मोजू या आणि आकडे घेऊन आगारात जाऊ या. नवी गाडी येईल ती कमी उंचीचीच हवी, आणि तालुक्याहून सरकारी दवाखान्याकडे येणाऱ्या मार्गावर ती आधी हवी. चालक-वाहकांना शिकवायचं एकच वाक्य: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि मागणी फक्त दवाखान्यापुरती करू नका. दाखल्याला जाणं ही गरज, आणि माहेरी जाणं, चैत्रात जोतिबाला जाणं ही चैन, असं कुणी ठरवलं? त्या दिवशी निघताना मी तिला विचारलं, गाडीत चढता आलं तर पहिल्यांदा कुठं जाशील? ती म्हणाली, "बहिणीकडं. एकटी."