अनुदानाची भाषा आणि दुधनीचे दुखणे

सरकारी अनुदानासारखा रुक्ष विषय साहित्याच्या अभ्यासकांनी कशाला हाताळावा, असे आमच्या काही मित्रांनी आम्हांला विचारले. त्यांचे म्हणणे असे, की आरोग्यावर किती खर्च व्हावा हे अर्थतज्ज्ञांनी सांगावे, तो कसा व्हावा हे डॉक्टरांनी सांगावे आणि झाला की नाही हे लेखापरीक्षकांनी पाहावे. आपण आपले कविता-कादंबरीकडे लक्ष द्यावे. ही वाटणी आम्हांला मान्य नाही. अनुदान हा प्रथमतः एक कागद असतो. तो कोणत्या तरी भाषेत लिहिलेला असतो आणि कोणाला तरी उद्देशून असतो. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांनाच तो वाचता आला नाही, तर त्यातल्या पैशाचे काय करायचे हे दुसरेच कोणी तरी ठरवते. कागद, भाषा आणि वाचक यांचा विचार करणे हा तर आपलाच उद्योग आहे.

मुळात 'अनुदान' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. त्यात 'दान' आहे; आणि दान आले की दाता आला, याचक आला, याचकाने मान खाली घालून उभे राहणेही आले. लोकांनी भरलेला कर लोकांकडे परत येतो, या साध्या व्यवहाराला आपण असे नाव दिले आहे. शब्द बदलल्याने व्यवहार बदलेल इतके आम्ही भोळे नाही. परंतु गावच्या सभेत अनुदानाचा विषय निघाला की लोक गप्प का बसतात, याचे एक कारण या शब्दात दडले आहे असे आम्हांला वाटते.

आमच्या डोळ्यांपुढे गाव आहे ते दुधनी. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी मागे पडले की दुधनी येते, आणि तिथून थोड्याच अंतरावर कर्नाटक लागते. गाणगापूरचे दत्तभक्त याच मार्गाने जातात. अक्कलकोट तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पूर्वीच्या अक्कलकोट संस्थानातला हा मुलूख भाषावार प्रांतरचनेनंतर मराठी राज्यात राहिला. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट भाग कर्नाटकाला द्यावा असे सुचवले आणि महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. राज्यकर्त्यांच्या नकाशाचे काय व्हायचे ते होवो. इथल्या बऱ्याच घरांत कन्नड बोलली जाते, कचेरीत मराठी लिहिली जाते आणि बाजारात दोन्ही चालतात. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. म्हणजे मुलाने कन्नडमध्ये शिकावे हे शासनाला मान्य आहे. त्या मुलाच्या आईने आपले दुखणे कोणत्या भाषेत नोंदवावे, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही.

आता अनुदानाकडे वळू. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात एक गोष्ट खरोखरच नवी होती. उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये आणि गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत असा निधी ठरला, आणि त्याला 'अबंधित' म्हटले गेले. वरून शीर्ष ठरवून न देता गावाने आपली गरज ओळखून खर्च करावा, ही त्यामागची कल्पना. दीड हजार वस्तीच्या गावात हा हिशेब माणशी सात रुपयेही होत नाही. पण रक्कम लहान म्हणून कल्पना लहान ठरत नाही. १९७७ साली जनआरोग्यरक्षकांची योजना आली तेव्हाही लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती देण्याची भाषा झाली होती. या वेळी प्रथमच त्या हातात थोडे पैसेही पडत होते.

हा पैसा कशावर खर्च करता येईल, याची उदाहरणे केंद्राच्या सूचनांत दिलेली आहेत. उपकेंद्राची किरकोळ दुरुस्ती, नळ, दिवे, ब्लीचिंग पावडर, तातडीच्या रुग्णाला नेण्याचे भाडे, आणि पडदा. तपासायला आलेल्या बाईला आडोसा मिळावा म्हणून पडदा. ज्या कोणी ही ओळ लिहिली त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. सरकारी कागदात माणूस दिसावा असे प्रसंग थोडे, आणि हा त्यांतला एक आहे. बाईला आडोसा मिळाला की ती बोलेल, हे त्याने ओळखले होते. पडद्यामागे ती कोणत्या भाषेत बोलेल आणि ऐकणाऱ्याला ती कळेल की नाही, इथपर्यंत मात्र त्याचा विचार गेला नाही.

दुधनीच्या आसपासच्या एका खेड्यात आम्ही अशा समितीची बैठक पाहिली. बायका बऱ्याच जमल्या होत्या. बोलणे सगळे कन्नडमध्ये चालले होते आणि अंगणवाडीच्या बाई आमच्यासाठी अधूनमधून मराठीत सांगत होत्या. एका म्हाताऱ्या बाईंच्या बोलण्यात 'नोवु' हा शब्द पुनःपुन्हा येत होता. आम्ही अर्थ विचारला. "दुखतं म्हणतात," बाई म्हणाल्या, मग थोडे थांबून, "पण नुसतं अंग नव्हं." म्हाताऱ्या बाईंचा मुलगा कामासाठी शहरात गेला होता, रात्री झोप नव्हती, गुडघे धरले होते, आणि हे सगळे त्या एकाच शब्दात सांगत होत्या. बैठक संपल्यावर प्रोसिडिंग लिहिले गेले. त्यात मराठीत दोन ओळी होत्या: आरोग्यविषयक चर्चा झाली, फिनेल व झाडू खरेदीस सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.

यात कोणी लबाडी केली असे आमचे म्हणणे नाही. फिनेल आले, पावती लागली, हिशेब चोख राहिला. उपयोगिता प्रमाणपत्र वर गेले आणि वरच्या कचेरीत दहा हजार रुपये खर्च झाल्याचे कळले. हरवला तो एक शब्द. त्याच्यासाठी प्रोसिडिंगात रकाना नव्हता.

गंमत अशी, की हा शब्द मराठीला परका नाही. कन्नड 'नोवु' शरीराच्या वेदनेला चालतो तसा मनाच्याही. आपले 'दुखणे' तरी काय वेगळे आहे? ते 'दुःखा'पासूनच आले. आपण गुडघा दुखतो म्हणतो आणि मन दुखावले असेही म्हणतो. दोन्ही भाषांनी शरीर आणि मन एकत्र ठेवले होते. त्यांची ताटातूट केली ती अहवालाच्या भाषेने. 'आरोग्यवर्धिनी' हे सुरेख नाव महाराष्ट्राने आपल्या केंद्रांना दिले होते. २०२३ साली केंद्र सरकारने देशभर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव ठरवले. पाट्यांवरची नावे बदलण्याचा खर्च सहज मंजूर होतो. म्हाताऱ्या बाईंचे बोलणे कोणी तरी समजून घेऊन लिहिण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आधी इमारती, औषधे, डॉक्टर यांचे पाहावे. बोलणे ही नंतरची चैन आहे. इमारतींची गरज आम्ही नाकारीत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला ७०,०५१ कोटी रुपये सुचवले, त्यांतले ४३,९२८ कोटी ग्रामीण भागासाठी. त्यांतला मोठा वाटा उपकेंद्रांच्या इमारती, तपासण्यांच्या सोयी, तालुकास्तरावरील आरोग्य कक्ष अशा कामांसाठी होता आणि ती कामे हवीच होती. पण ऐकणे ही चैन आहे, हे महाराष्ट्राच्या अनुभवाशी जुळत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा लोकांनी आपली पहिली गरज म्हणून औषध सांगितले नाही. अन्न आणि पाणी सांगितले. आरोळ्यांनी ते ऐकले आणि तिथून पुढे गावच्याच बायकांच्या हाती आरोग्य गेले. अलीकडचा दाखला विदर्भाचा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प टाटा ट्रस्टच्या मदतीने चालला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलावे, ऐकावे, गरज असेल त्याला पुढे पाठवावे, असे त्याचे स्वरूप. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. बोलण्याऐकण्याचे काम मोजताही येते आणि त्यासाठी अनुदानही देता येते, असा याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो आपल्यांतलेच लोक घेतील. महाराष्ट्राची राजभाषा मराठी. कचेरीत कन्नडला जागा दिली तर सीमेवरचा आपला दावा दुबळा होईल, असे ते म्हणतील. यावर आम्ही इतकेच विचारतो: बेळगावच्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत मिळावेत, ही मागणी आपण कशाच्या आधारावर करतो? भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या आधारावरच ना? आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे. १९५६ च्या केंद्र सरकारच्या निवेदनातही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची तत्त्वे मांडलेली आहेत. ही तत्त्वे बेळगावात खरी आणि दुधनीत खोटी, असे म्हणता येणार नाही. २०२२ च्या अखेरीस अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली तेव्हा आपल्याकडे संताप झाला. त्या गावांची तक्रार रस्ते-पाण्याची होती. ऐकून न घेतल्याची जी खंत तिच्यामागे होती, ती आपल्यांतल्या किती जणांना ऐकू आली?

दुधनीपुढे आणखी एक पेच आहे. हे नगरपरिषदेचे गाव. ग्राम आरोग्य समिती असते ती महसुली गावासाठी. आणि २०१३ साली आलेले शहरी आरोग्य अभियान मुख्यतः पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी. त्यातल्या महिला आरोग्य समित्यांना वर्षाला ५,००० रुपयांचा निधी ठरला. दुधनीची वस्ती पन्नास हजारांच्या पुष्कळ खाली. म्हणजे ती गावात धरली जात नाही आणि शहरातही पुरती बसत नाही. योजना आखणाऱ्याच्या मनात खेडे असते किंवा महानगर असते. बाजाराचे लहान गाव त्याच्या कल्पनेतच येत नाही. आपल्या साहित्यातही ते फारसे येत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

मग आमची मागणी काय? ती फार मोठी नाही. समितीचे प्रोसिडिंग गाव ज्या भाषेत बोलले त्या भाषेत लिहावे आणि कचेरीसाठी त्याचा मराठी अनुवाद करावा. वर्षाचा हिशेब गावाच्या भाषेत सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. आणि दुभाषाचे जे काम अंगणवाडीच्या बाई आणि आशा आज फुकट करतात, ते आरोग्याचेच काम मानून त्याचे पैसे अबंधित निधीतून देण्याची स्पष्ट मुभा असावी. दुधनीसारख्या लहान नगरपरिषदांतही अशाच समित्या आणि असाच निधी असावा.

राहिला आपला वाटा. सोलापूर-अक्कलकोटच्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, कन्नड जाणणारे विद्यार्थी आहेत. भाषांतराच्या पेपरासाठी आपण त्यांना कोणता उतारा देतो? त्याऐवजी त्यांना एका गावाचे प्रोसिडिंग द्यावे, बैठकीला पाठवावे, आणि काय बोलले गेले व काय लिहिले गेले यांतले अंतर मोजायला सांगावे. त्यांतल्या एखाद्याने 'नोवु'ला त्या दोन ओळींत जागा करून दिली, तर त्याला पूर्ण गुण द्यायला आमची हरकत नाही.