गोळीला कसं कळतं, कुठे जायचं ते?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, हृदयाचा पाठ चालू असताना मुलं हमखास विचारतात, "आजोबा गोळी गिळतात पोटात, मग ती हृदयापर्यंत जाते कशी?" 'ते पुढच्या इयत्तेत आहे' म्हणून हा प्रश्न टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं उत्तर सोपं आहे. गोळीला काहीच कळत नाही! ती रक्तात मिसळते आणि सगळीकडे फिरते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं त्याच्या स्वतःच्या स्नायूंना मिळतं जेमतेम पाव लिटर. म्हणजे विसावा भाग. हे गणित मुलांनाच करू द्या. मग पुढचा प्रश्न तेच विचारतील, "औषध थेट हृदयातच नेता येणार नाही का?"

येतं. औषधी स्टेंट हे त्याचं ठळक उदाहरण. अरुंद झालेल्या धमनीत बारीक जाळीदार नळी बसवतात, तिला स्टेंट म्हणतात. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये पेशी वाढून बऱ्याच रुग्णांची धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून त्या जाळीवर सिरोलिमस या औषधाचा लेप दिला गेला. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला हे औषध गोळीतून साधारणपणे रोज २ मिलिग्रॅम द्यावं लागतं. स्टेंटवर मात्र एकूण एक मिलिग्रॅमही नसतं, आणि ते काही आठवडे हळूहळू झिरपत जिथे हवं तिथेच काम करतं. अमेरिकेत अशा स्टेंटला २००३ मध्ये मान्यता मिळाली.

या औषधाचा उगमही मुलांना जरूर सांगा. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. कॅनडात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन्द्रनाथ सेहगल यांनी ते वेगळं केलं. पुढे कंपनीने हे काम थांबवलं, तरी त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता!

आता पालकांसाठी महत्त्वाचं. हा लेप पेशींची वाढ रोखतो, म्हणून स्टेंटवर धमनीचं आतलं अस्तर यायलाही उशीर लागतो. तोवर तिथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यासाठीच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने त्या बंद करणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही दिवस चुकवायचा नाही.

म्हणूनच म्हणतो, हा विषय वर्गात येऊ द्या. विसाव्या भागाचं गणित आणि स्टेंटची ही माहिती मुलं घरी जाऊन सांगतीलच. एखादी नात आजोबांना "गोळी घेतलीत का?" असं विचारेल, आणि ती का घ्यायची हेही समजावून सांगेल.