बौद्धाच्या घरात वास्तूचा रंगतक्ता कशाला?

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपुरात आपल्या वस्त्यांमध्ये पुट्टीच्या पिशव्या आणि रंगाचे डबे दिसू लागतात. दीक्षाभूमीला बाहेरगावचे पाहुणे येणार, घर नीटनेटकं दिसावं, यात गैर काहीच नाही. आमचा आक्षेप शेडकार्डासोबत घरात शिरणाऱ्या दुसऱ्या कागदावर आहे. आग्नेयेच्या किचनला नारिंगी, ईशान्येच्या खोलीला पांढरा नाहीतर फिकट पिवळा, नैऋत्येच्या बेडरूमला मातकट, असा तो वास्तूचा तक्ता. इंदोऱ्याच्या जुन्या घरांपासून बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटपर्यंत तो पोचला आहे. विचारलं तर उत्तर तयार असतं, "रंगच तर आहे, त्यात धर्म कुठून आला?"

कुठून आला ते बघू. ईशान्य म्हणजे ईशानाची दिशा, आणि ईशान म्हणजे शंकर. आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, उत्तरेला कुबेर आणि घराच्या मधोमध चक्क 'ब्रह्मस्थान'. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ऑक्टोबर 1956 मध्ये लाखो लोकांनी ती याच शहरात घेतली. आज त्यांचीच नातवंडं बाबासाहेबांचा फोटो कोणत्या भिंतीला लावावा हे वास्तुवाल्याला विचारतात!

हा नुसता शब्दांचा कीस नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे, तो काढून वाचा. ब्राह्मणाला पांढरी जमीन, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. घराची रुंदीसुद्धा वर्ण बघून. ब्राह्मणाला 32 हात, मग प्रत्येक पायरीला चार हात कमी करत उतरंड 16 हातांपर्यंत खाली येते. मनुस्मृतीने तर चांडाळाला गावात घरच ठेवलं नाही, गावाबाहेर काढलं. संस्कृतात रंगालाही वर्ण म्हणतात आणि त्या उतरंडीलाही वर्णच म्हणतात. या विद्येकडे आपण मुलांच्या खोलीचा रंग विचारायला जातो, तोही फी देऊन.

आपल्यासाठी घर हा निव्वळ सजावटीचा विषय कधीच नव्हता. 1917 साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेतलेला जमाव आला आणि तिथूनही निघावं लागलं. त्याच माणसाने पुढे दादरला घर बांधलं, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून, आणि नाव दिलं राजगृह. मगधाच्या राजधानीचं, बुद्धाच्या वावराचं नाव.

आता आपल्यातलीच दुसरी गोष्ट. "निळा नको, क्रीम दे. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर गिऱ्हाईक ओळखते," हे वाक्य आता आपली सुशिक्षित माणसंच रंगाऱ्याला सांगतात. जुलै 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन याच नागपुरात उभी राहिली. तिच्या झेंड्याचा तो निळा. भाड्याच्या घरात राहणारा, आडनाव विचारून किल्ली देणाऱ्या मालकापुढे गप्प बसणारा पोरगा भिंत क्रीम ठेवतो, त्याला आम्ही बोल लावणार नाही. तिथे लाज मालकाला वाटायला हवी. पण स्वतःच्या मालकीच्या घरात, हप्ते आपण फेडत असताना, अजून न आलेल्या गिऱ्हाइकाच्या जातीला घाबरून रंग निवडायचा? अर्थात निळा आवडत नसेल तर लावू नका. बौद्धाचं घर निळंच हवं असा नियम कोणी काढला तर तोही एक तक्ताच झाला.

मग रंग ठरवायचा कसा? खोलीत ऊन किती येतं आणि तिथे वावरतं कोण, हे बघून. नागपूरचा मे महिना पारा 45 अंशांवर नेतो. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गडद रंग दिला तर ती दुपारभर ऊन पिते आणि रात्री खोलीत ओकते, मग वास्तुवाला काहीही म्हणो. तिथे फिकाच रंग हवा, आणि गच्चीवर उन्हाळ्याआधी पांढरा चुना. ज्या किचनला खिडकी नाही तिथे गडद नारिंगी लावून भरदिवसा लाईट जाळायचा, याला काय अर्थ आहे? तेलाचे डाग पुसता येतील असा उजळ रंग तिथे द्या. आणि तो निवडू द्या तिथे रोज उभं राहणाऱ्या बाईला. बहुतेक घरांत सगळ्यांना विचारून होतं, तिलाच कोणी विचारत नाही. पोरगं अभ्यासाला बसतं तिथे चकाकणारा रंग नको, ट्यूबलाईट डोळ्यांवर येते. भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा, नाहीतर कोणत्याही दिशेचा, कोणताही रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरणारच.

शेडकार्डावरचा चौकोन बघून डबे आणू नका. छोटा नमुना आणून दोन फूट भिंत रंगवा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री ट्यूबलाईटमध्ये बघा, घरातल्या सगळ्यांना दाखवा. रंगारी "दिशा कोणती?" म्हणून विचारेल. त्याला सांगा, भाऊ, खिडकी त्या बाजूला आहे.