उद्दिष्टे आवारात नको, वावरात मोजा



संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे ठरवली. कृषी विद्यापीठांनी ती धोरणात जरूर घ्यावीत. पण मीही कृषी पदवीधर आहे. आवारात झाडे लावून अहवाल कसा सजवतात, ते जाणतो.

दुसरे उद्दिष्ट वाचा: २०३० पर्यंत लहान शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट, २०२० पर्यंत बियाण्यांची विविधता सुरक्षित. बियाण्यांची मुदत केव्हाच उलटली! संकरित बीटी कपाशीचे बी दरसाल विकतच घ्यावे लागते. अकोला विद्यापीठाच्या एकेए-७ सारख्या देशी सरळ वाणाची सरकी मात्र घरची पेरता येते. असे पैदासकार बियाणे किती क्विंटल काढले, ज्वारीचा वाण निवडताना कडबा धरला का, याचा हिशेब धोरणात हवा. शिवारफेरीला जाल तेव्हा कुलगुरूंना हेच विचारा.