स्पर्शावाचून माया

ज्याच्यावर जीव जडतो त्याला जवळ घ्यावे, त्याच्या अंगावरून हात फिरवावा, ही इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणी उपजतच असते. रडणारे तान्हे मूल आईचा हात लागताच शांत होते. शाळेतून दमून आलेल्या नातवाच्या पाठीवर आजीने हात ठेवला, की त्याचा शीण निम्मा उतरतो. मुक्या प्राण्यांशीही माणूस याच भाषेत बोलत आला आहे. गाईच्या गळ्याखाली खाजवले, की ती मान लांब करून आणि डोळे मिटून उभी राहते. कुत्रा धन्याच्या पायांना अंग घासतो. मांजर आपण होऊन मांडीवर येऊन बसते. त्यामुळे प्रेम म्हणजे स्पर्श, आणि जेथे स्पर्श नाही तेथे प्रेमही नाही, अशी समजूत लहानपणापासून मनात घर करून राहते. परंतु ही समजूत सर्वच प्राण्यांना लागू पडत नाही. काही प्राणी असे आहेत की त्यांना न शिवणे हीच त्यांच्यावरची खरी माया होय. ॲक्सोलॉटल हा त्यांपैकी एक आहे.

ॲक्सोलॉटल हा बेडकाप्रमाणेच उभयचर वर्गातील प्राणी. त्याचे मूळ स्थान मेक्सिको देशात, त्या देशाच्या राजधानीत असलेल्या सोचिमिल्को येथील सरोवरात व कालव्यांत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील हे पाणी थंड असते. ॲक्सोलॉटल साधारणपणे वीतभर लांब असतो. त्याला चार आखूड पाय, वल्ह्यासारखी चपटी शेपटी आणि रुंद डोके असते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांच्या तुऱ्यांसारखे तीन-तीन कल्ले डुलत असतात. बेडकाचे पिल्लू वाढले की त्याचे कल्ले नाहीसे होतात व ते पाण्याबाहेर येते. ॲक्सोलॉटल मात्र सहसा जन्मभर आपले कल्ले जपतो आणि पाण्यातच राहतो. तो वयाने प्रौढ होतो, पण रूपाने बालकच राहतो.

हा प्राणी दूरदेशी पोचला त्यालाही दीड शतकाहून अधिक काळ लोटला. मेक्सिकोहून पॅरिसला आणलेल्या ॲक्सोलॉटलांपैकी सहा १८६४ साली ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. त्यांना पिल्ले झाली, पिल्लांना पिल्ले झाली, आणि ती संतती युरोपातील प्रयोगशाळांत पसरली. आज प्रयोगशाळांबरोबरच अनेक देशांतील घरांतही काचेच्या टाक्यांमधून ॲक्सोलॉटल पाळले जातात. त्यांतील काही फिकट गुलाबी रंगाचे असतात. त्यांच्या तोंडाची ठेवण अशी असते, की पाहणाऱ्याला ते सदैव हसत आहेत असेच वाटावे.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील मुलगी शाळेतून येते, दप्तर ठेवते आणि थेट टाकीपाशी जाऊन बसते. काचेवर बोट टेकवले की पलीकडून तो गुलाबी जीव हळूहळू तिच्याकडे येतो. तिला वाटते, त्याने आपल्याला ओळखले. असे अनेक दिवस जातात. एके दिवशी तिच्या मनात येते, "हा माझा आहे. मी रोज याला खाऊ घालते. मग याला एकदाही हात का लावू नये?" ती बाही वर सारते आणि हात पाण्याकडे नेते.

या मुलीला कोणी दुष्ट म्हणणार नाही. तिच्या मनात केवळ प्रेम आहे. पण हेतू चांगला असला म्हणून कृती चांगली ठरत नाही. तो हात पाण्यात गेल्यावर त्या प्राण्याच्या वाट्याला काय येते, हे पाहिले पाहिजे.

ॲक्सोलॉटलच्या अंगावर माशासारखे खवले नाहीत, मांजरासारखी लव नाही. त्याची त्वचा पातळ, ओलसर आणि सच्छिद्र असते. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, तसाच काही अंशी या त्वचेनेही घेतो. तिच्यावर एक बुळबुळीत थर असतो. रोगजंतूंना अडवणारे ते त्याचे चिलखतच होय. कोरडा हात फिरला की हा थर निघून येतो. माणसाच्या हातावर साबणाचा, तेलाचा, मिठाचा अंश राहिलेला असतो. तो धुतलेल्या हातालाही जाणवत नाही. पण सच्छिद्र त्वचेला तो बाधतो. शिवाय ॲक्सोलॉटलला सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. माणसाचे शरीर सुमारे ३७ अंशांचे असते. ज्या हाताची ऊब बाळाला सुखावते, तीच ऊब या थंड पाण्यातील जीवाला तापदायक होते. त्याच्या सांगाड्याचा बराचसा भाग कूर्चेचा, म्हणजे माणसाच्या नाकाच्या शेंड्यात असते तशा मऊ पदार्थाचा बनलेला असतो. हळुवार धरावे असे धरणाऱ्याला वाटते. परंतु प्राणी निसटू लागला की बोटे आपोआप आवळली जातात, आणि तेवढ्याने त्याला इजा होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल की, तो बोटाजवळ येतो, त्या अर्थी त्याला स्पर्श हवा असला पाहिजे. परंतु ॲक्सोलॉटलची दृष्टी अधू असते. तो वासावरून आणि पाण्यातील हालचालींवरून भक्ष्य शोधतो. भक्ष्य जवळ आले की तो एकाएकी तोंड उघडतो, आणि पाण्याबरोबर ते आत ओढले जाते. ज्या हाताने रोज गांडूळ मिळते, तो हात जवळ आला की अन्न येते, एवढे तो शिकतो. त्याचे जवळ येणे हे भुकेचे येणे असते. त्याला मैत्री समजणे ही माणसाच्या मनाची गोड चूक आहे. त्याच्या हसण्याचेही तसेच. तो आजारी असला तरी तोंडाची ठेवण तीच राहते.

दुसरे कोणी म्हणेल की, हात लावला तर तो स्वस्थ राहतो, धडपड करीत नाही. पण स्वस्थ राहणे म्हणजे संमती देणे नव्हे. गाईला नको असेल तेव्हा ती शिंग हलवते, मांजर पंजा उगारते, कुत्रा गुरगुरतो. ॲक्सोलॉटलला यांतले काहीच साधत नाही. त्याला आवाज नाही, पापण्या नाहीत, आणि टाकीत पळून जाण्यास जागाही नाही. ज्याला 'नको' म्हणता येते, त्याच्याशी वागताना माणूस सहज सावध राहतो. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याच्या वतीने 'नको' म्हणणे हे त्याला पाळणाऱ्याचेच कर्तव्य ठरते.

आणखीही एक युक्तिवाद ऐकू येतो. ॲक्सोलॉटलचा पाय तुटला तर तो पुन्हा उगवतो, शेपटीही उगवते. शास्त्रज्ञांना या सामर्थ्याचे मोठे कुतूहल आहे, आणि त्याकरिता ते दीर्घकाळ या प्राण्याचा अभ्यास करीत आले आहेत. मग अशा प्राण्याला हात लावल्याने काय बिघडणार? हा युक्तिवाद ऐकण्यास चतुर वाटला तरी तो न्यायाचा नाही. जखम भरून येते म्हणून जखम करण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. मुलाचा गुडघा फुटला तर तोही आठ दिवसांत बरा होतो. म्हणून कोणी त्याला ढकलून देत नाही.

अर्थात, कधी एकदा बोट लागले म्हणून तो प्राणी तत्काळ मरून पडतो, असे मुळीच नाही. टाकी स्वच्छ करताना अथवा तो आजारी असताना त्याला हलवावेही लागते. अशा वेळी जाणते लोक पाण्यात एखादे रुंद भांडे बुडवतात आणि त्याला पाण्यासह त्यात येऊ देतात. जाळी वापरली तर तिच्यात त्याची नाजूक बोटे किंवा कल्ले अडकण्याचा संभव असतो. पशुवैद्यालाही कधी त्याला हात लावावा लागतो, पण तो त्या प्राण्याच्या गरजेसाठी. प्रश्न हात लागला की नाही एवढाच नाही, तो कोणासाठी लागला, हा खरा प्रश्न आहे. गाईला खाजवताना सुख दोघांनाही होते. ॲक्सोलॉटलला कुरवाळताना सुख केवळ माणसाला होते, आणि त्याचे मोल मात्र तो मुका जीव देतो. ज्या देवघेवीत एकाच्या पदरी केवळ आनंद आणि दुसऱ्याच्या पदरी केवळ त्रास पडतो, तिला प्रेम म्हणणे योग्य नव्हे.

मग त्या मुलीने हात बांधून बसावे काय? तसे नाही. तिच्या हातांना कामे पुष्कळ आहेत. उरलेले अन्न आणि विष्ठा टाकीत साठली, की पाण्यात अमोनिया तयार होतो व तो कल्ल्यांना पोळतो. म्हणून टाकी वेळच्या वेळी साफ केली पाहिजे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून मगच ते पाणी टाकीत घातले पाहिजे. तापमापक रोज पाहिला पाहिजे, कारण पाणी २४ अंशांच्या वर गेले तर त्याच्या प्रकृतीला धोका असतो. तळाशी बारीक खडे असू नयेत, कारण अन्नाबरोबर तो ते गिळतो आणि ते पोटात अडकतात. पापण्या नसल्यामुळे प्रखर प्रकाश त्याला चुकवता येत नाही. त्याच्यासाठी दडून बसण्यास एखादा आडोसा ठेवावा. काचेवर टिचक्या मारू नयेत. गांडूळ लांब चिमट्यात धरून द्यावे. ही सारी कामे हातांचीच आहेत. फरक इतकाच, की या हातांची माया त्वचेतून पोचत नाही, ती पाण्यातून पोचते.

हाच धडा सोचिमिल्कोचे सरोवरही शिकवते. मेक्सिकोच्या जुन्या रहिवाशांत एक कथा प्रचलित होती. शोलोत्ल नावाच्या देवाला बळी देण्याचे ठरले. तेव्हा पकडणाऱ्यांना चुकवण्यासाठी त्याने नाना रूपे घेतली. तो मक्याचे रोप झाला, मग घायपातासारखी वनस्पती झाला, आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल झाला. परंतु तेथेही तो पकडला गेला. ही कथा पुढे निराळ्या अर्थाने खरी ठरली. माणसाने सरोवरांतील पाणी काढून शहर वाढवले, कालव्यांत घाण सोडली आणि बाहेरून आणलेले कार्प व तिलापिया हे मासे त्यांत सोडले. ते मासे ॲक्सोलॉटलची अंडी व पिल्ले खाऊ लागले. १९९८ साली झालेल्या पाहणीत तेथे एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल असावेत असा अंदाज होता. २०१४ साली तो आकडा सुमारे ३६ पर्यंत खाली आला. ज्या प्राण्याचे चित्र मेक्सिकोने २०२१ साली आपल्या ५० पेसोंच्या नोटेवर छापले, जो जगभर घरोघरी पोचला, तो आपल्या मूळ घरी मात्र नाहीसा होऊ लागला.

आता तेथील शास्त्रज्ञ आणि शेतकरी मिळून त्याच्यासाठी झटत आहेत. सरोवरात गाळ व वनस्पती रचून केलेल्या शेतांना तेथे चिनांपा म्हणतात. या शेतांमधले काही कालवे त्यांनी वेगळे केले आहेत. त्यांच्या तोंडाशी पाणी गाळणाऱ्या वनस्पती लावून मोठ्या माशांना येण्यास अटकाव केला आहे. हे शेतकरी ॲक्सोलॉटलला कुरवाळीत बसत नाहीत. ते त्याच्यासाठी स्वच्छ पाणी आणि निवांत जागा राखतात. त्याला जगवायचे तर माणसाने करण्यासारखे हेच आहे.

त्या टाकीपाशी बसलेल्या मुलीने पाण्याकडे नेलेला हात मागे घ्यावा. तसे करताना तिला थोडे वाईट वाटेल, आणि ते वाटणेही चांगलेच. कारण दुसऱ्याच्या सुखासाठी आपली इच्छा आवरताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याने काही दिले असे म्हणता येत नाही. मग तिने काचेजवळ स्वस्थ बसावे आणि पाहावे. कल्ल्यांचे तुरे हलकेच मागे झटकले जातात, एक पाय पुढे पडतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तो हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा संथपणे तळाशी जातो. ज्याने त्याला मुठीत धरले, त्याला यांतले काहीच दिसत नाही. जो हात आवरून बसतो, त्यालाच तो प्राणी जसा आहे तसा दिसतो. एखाद्याला तो आहे तसा पाहणे आणि त्याला हवे तसे राहू देणे, हीही मायाच आहे. आणि ती अंगी येण्यास स्पर्शापेक्षा अधिक प्रेम लागते.